वाटेवरचें पाणी

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे मुलांस कोठें न्यावें, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांत एप्रिल उजाडतांच उपस्थित होतो. पूर्वीं तो उपस्थित होत नसे, कारण त्याचें उत्तर ठरलेलें असे. आजोळ हेंच मुलांचें महाबळेश्वर, आणि मामा हाच त्यांचा वाटाड्या. आतां आजोळ बहुधा एखाद्या मोठ्या शहरांत चौथ्या मजल्यावर असतें, मामास रजा नसते, आणि दारांत मोटार मात्र उभी असते. तेव्हां मोटारींत बसून लांब कोठेंतरी जावें, चार दिवसांत आठ स्थळें उरकावीं, प्रत्येक स्थळीं छायाचित्रें काढावीं आणि शिणून घरीं परतावें, अशी सहलीची रीत पडत चालली आहे. या रीतीशीं आमचें भांडण नाहीं. ज्यांस झेपेल त्यांनीं खुशाल काश्मीरपर्यंत जावें. परंतु प्रवासाचा पल्ला जितका मोठा तितका मुलांचा लाभ मोठा, हें त्रैराशिक बरोबर आहे काय, एवढें तपासून पाहावें अशी आमची वाचकांस विनंती आहे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं मनमाड पाहिलें आहे, आणि बहुतेकांनीं तें पाहिलेलेंही नाहीं. मध्यरात्रीं गाडी बदलतांना फलाटावर घेतलेला चहा, उशाला ठेवलेली वळकटी आणि निद्रेनें जड झालेलीं मुलें, एवढेंच मनमाड त्यांच्या स्मरणांत असतें. १८७८ सालीं दौंडकडील लोहमार्ग येथें येऊन मिळाला, विसाव्या शतकाच्या आरंभीं गोदावरीच्या खोऱ्यांतून हैदराबादकडे जाणारा फांटा सुरू झाला, आणि तेव्हांपासून हें गांव 'जंक्शन' या नांवानेंच प्रसिद्धीस आलें. पुणें-इंदूर हमरस्ताही गांवांतूनच जातो. अशा या सर्वांच्या वाटेवरच्या आणि कोणाच्याच मुक्कामाच्या नसलेल्या गांवीं आमचें वास्तव्य आहे. गेल्या मे महिन्यांत आमचे चिरंजीव, सूनबाई, बारा वर्षांची नात आणि आठ वर्षांचा नातू असे मोटारीनें येथें आले, तेव्हां पुढें लांबच्या सहलीचा त्यांचा बेत होता. त्यांतला एक दिवस आम्हीं मागून घेतला. मनमाडहून निघावयाचें, अणकाई आणि येवलें पाहावयाचें, आणि कोपरगांवास गोदावरीच्या तीरीं सायंकाळ करावयाची, असा तो बेत होता. अंतर म्हणाल तर सुमारें ५० किलोमीटर. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा तर तासाभराचा रस्ता आहे." आम्हीं म्हटलें, "म्हणूनच त्यास एक दिवस द्यावयाचा."

निघण्यापूर्वीं नातीच्या हातीं एक कोरी वही दिली आणि तिच्यावर 'पाण्याची वही' असें नांव घालावयास सांगितलें. दिवसभरांत जेथें जेथें पाणी पिऊं, तेथें तें पाणी कोठून आलें आणि कोणीं दिलें, एवढेंच तिनें टिपावयाचें होतें. सूनबाईंनीं उकळून गार केलेल्या पाण्याचा एक मोठा गडू गाडींत ठेवला. वैशाखांत मुलें बरोबर असतां तें शहाणपणाचेंच होतें. परंतु विकतच्या बाटल्या घ्यावयाच्या नाहींत, एवढी अट सर्वांनीं मान्य केली.

वहींतलें पहिलें टांचण आमच्या घरचेंच होतें. मनमाडचा तुटवडा ज्यांनीं भोगला नाहीं त्यांस तो सांगून पटत नाहीं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला हा भाग, खालीं काळा कातळ, गांवांतून वाहणारी पांझण नदी उन्हाळ्यांत कोरडी, आणि सारी भिस्त वागदर्डीच्या धरणावर. या गांवानें कित्येक उन्हाळे असे काढले आहेत कीं, नळास पंधरा पंधरा, वीस वीस दिवसांनीं पाणी यावें, आणि त्या दिवशीं लग्नकार्यासही कोणीं घराबाहेर पडूं नये. पुढें करंजवण धरणाचें पाणी नळानें येथवर आणण्याची योजना हातीं घेण्यांत आली. तथापि घरोघरचीं पिंपें आणि टाक्या यांनीं गांवाची संवय सांगितल्याशिवाय राहत नाहीं. नातवानें मोरींत तोंड धुतांना नळ मोकळा सोडला, तेव्हां आमच्या घरांतून त्यांच्या आजीनें दिलेली हांक शेजारच्यांसही ऐकूं गेली असावी. भाजी धुतलेलें पाणी तुळशीस आणि कपडे धुतलेलें पाणी अंगणास, हा आमच्या घरचा क्रम नातीनें मोठ्या अक्षरांत लिहून घेतला.

दुसरें टांचण गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यांतलें. नांदेडच्या हुजूर साहिबास जाणारे शीख यात्रेकरू मनमाडास थांबतात आणि या गुरुद्वाऱ्यांत उतरतात. पहांटे पांचाच्या सुमारास आम्ही तेथें गेलों, तों एक तरुण सेवेकरी हातांत पाण्याचें भांडें घेऊन उभाच होता. मुलांनीं पाणी घेतलें. नातवानें शहरच्या संवयीनें "किती झाले?" म्हणून विचारलें. तो तरुण हंसला आणि त्यानें आणखी एक पेला भरला. नातीनें वहींत लिहिलें, "यांनीं आमचें नांव विचारलें नाहीं." हें वाक्य दुपारीं आमच्या उपयोगीं पडलें.

मनमाडच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या रांगेवर अणकाई आणि टणकाई हे जोडकिल्ले आहेत. उन्हें चढण्यापूर्वीं तेथें पोंचणें अवश्य होतें. त्याप्रमाणें सहा वाजतां आम्ही पायथ्याशीं होतों. टणकाईच्या अंगास जैन लेणीं आहेत. तीं अकराव्या-बाराव्या शतकांतलीं मानलीं जातात. मुलांस मोटारीचा रस्ता म्हणजे काल-परवांची वस्तु वाटते. म्हणून आम्हीं त्यांस सांगितलें कीं, सुरतेहून औरंगाबादेस जाणारा व्यापारी मार्ग या किल्ल्याच्या नजरेखालून जात असे. सतराव्या शतकांत तेव्हनो नांवाचा फ्रेंच प्रवासी या भागांत हिंडला. त्याच्या वृत्तांतांत या वाटेवरील एक मुक्काम म्हणून अणकाईचा उल्लेख आहे. त्या काळीं मुक्काम कोठें करावयाचा हें पाण्यावरून ठरे. बैलास पाणी, माणसास पाणी आणि रात्रीस राखण, या तीन गोष्टी जेथें असतील तेथें तळ पडे. आज आपण इंधनाच्या पंपावरून मुक्काम ठरवितों, एवढाच काय तो फरक.

अणकाईच्या माथ्यावर अगस्ति ऋषींचें स्थान आहे. विंध्य ओलांडून दक्षिणेंत उतरलेला आणि परत न गेलेला हा मुनि म्हणजे आपल्या वाङ्मयांतला दक्षिणेकडचा पहिला प्रवासी म्हणावयास हरकत नाहीं. विंध्यानें वांकून वाट दिली, ही गोष्ट नातवास आवडली. परंतु दैत्य सांपडावेत म्हणून अगस्तीनें समुद्र पिऊन टाकला, हें ऐकतांच तो थांबला आणि भोंवतालच्या करपलेल्या माळाकडे पाहून म्हणाला, "आजोबा, म्हणून इथं पाणी नाहीं का?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, परंतु किल्ल्यावर कातळांत कोरलेलीं पाण्याचीं टाकीं होतीं, तीं त्यास दाखविलीं. पावसाचा थेंब जेथें पडतो तेथेंच धरून ठेवावा, ही विद्या त्या पाथरवटांस येत होती. मग त्यास उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे आळीपाळीनें तोंड करून उभें केलें. सातमाळ्याची ही रांग म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब पांझणेंतून गिरणेस मिळतो, गिरणा तापीस मिळते, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास. दक्षिणेच्या उतारावर पडलेला थेंब गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरास जातो. शेजारीं शेजारीं पडलेल्या दोन थेंबांचा असा कायमचा वियोग होतो, हें भूगोलाच्या पुस्तकांतून शिकवितांना आम्हांस वर्गांत जें साधलें नव्हतें, तें त्या माथ्यावर पांच मिनिटांत साधलें.

उतरतांना ऊन तापूं लागलें होतें. पायथ्याच्या वस्तींत एका वृद्ध बाईनें मुलांचीं लाल झालेलीं तोंडें पाहिलीं आणि न मागतां तांब्या भरून आणला. पाणी टँकरचें होतें. दाराशीं पिंपांत भरून, फडकें बांधून ठेविलेलें. नातवानें अर्धा पेला प्याला आणि उरलेलें पाणी सहज, जसें तो घरीं करतो तसें, जमिनीवर ओतून दिलें. बाई रागावली नाहीं. तिनें फक्त म्हटलें, "टाकायचंच असंल तर झाडाला टाक रं बाळा." दारांत लिंबाचें एक कोवळें रोप होतें आणि त्याच्या भोंवतीं दगडांचें आळें केलेलें होतें. मुलगा त्या रोपाकडे आणि ओल्या मातीकडे पाहत राहिला. माती पाहतां पाहतां वाळली. त्यास आम्ही कांहीं बोललों नाहीं, त्याच्या आईनेंही बोल लाविला नाहीं. मोटारींत बसल्यावर त्यानें आपण होऊन बहिणीकडून वही मागून घेतली आणि ती हकीकत स्वतःच्या हातानें लिहिली.

तेथून येवल्याच्या वाटेवर कांद्याच्या गाड्यांमागून हळूहळू जात असतां एका झाडाखालीं पाणपोई दिसली. दोन रांजण, त्यांवर ओलीं गोणपाटें, आणि कोणा दिवंगत गृहस्थाच्या स्मरणार्थ लावलेली पाटी. 'पाणपोई' या शब्दांतली 'पोई' संस्कृतांतल्या 'प्रपा' शब्दाची वंशज आहे. 'पा' म्हणजे पिणें. आपल्या धर्मशास्त्रानें पुण्यकर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले. यज्ञयाग हें इष्ट. आणि विहीर, तळें, देवालय, बाग, अन्नदान हें पूर्त. उन्हांतल्या वाटसरूसाठीं प्रपा घालणें हें याच दुसऱ्या सदरांतलें. मनमाडहून सुमारें २५ किलोमीटरांवरील चांदवडास अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. परंतु या साध्वीचें नांव महालापेक्षां घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांमुळेंच देशभर राहिलें. १७६७ पासून १७९५ पर्यंत तिनें राज्य केलें, आणि आपल्या राज्याबाहेरच्या यात्रेकरूंचीही तिनें तहान-निवाऱ्याची सोय पाहिली. वाटसरू आपल्या प्रजेपैकीं आहे किंवा नाहीं, हें तिनें पाहिलें नाहीं.

येथपर्यंतची कथा सांगावयास सुखाची आहे, आणि आपल्या घरांतून ती मुलांस सांगितलीही जाते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र बहुधा सांगितला जात नाहीं. वाटसरूस पाणी पाजणें हें ज्या समाजानें पुण्य मानलें, त्याच समाजानें त्या वाटसरूंपैकीं एका मोठ्या वर्गास विहिरीच्या कांठावर येऊं दिलें नाहीं. पाणपोईवर एकाच्या हातांत पेला येई आणि दुसऱ्याच्या ओंजळींत उंचावरून धार पडे. स्वातंत्र्यापूर्वीं आगगाडीच्या स्टेशनांवर हिंदूंचें पाणी आणि मुसलमानांचें पाणी वेगळें असे. मनमाडच्या आणि येवल्याच्या वाटेवर मुलांस घेऊन जावें आणि ही गोष्ट गाळावी, हें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटेना. कारण तिचीं दोन मोठीं प्रकरणें याच वाटेवर घडलेलीं आहेत.

येवल्यास पैठणीच्या दुकानांत सूनबाईंचा तास मजेंत गेल्यावर आम्हीं मुलांस घेऊन मुक्तिभूमीचा रस्ता धरला, तेव्हां चिरंजीव हळूच म्हणाले, "बाबा, मुलं लहान आहेत. सुटींत हें कशाला?" प्रश्न गैर नव्हता. सुटी आनंदासाठीं असते, आणि लहान मुलांवर मोठ्यांच्या पापाचें ओझें लादूं नये, हेंही खरें. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, सकाळपासून मुलें पाच ठिकाणचें पाणी प्यालीं आहेत. तें प्रत्येकास कां मिळत नव्हतें, हें कळण्याइतकीं तीं मोठीं झालीं आहेत. मग सावलींत बसून सांगितलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी सहस्रावधि लोकांसह ओंजळीनें घेतलें. त्या तळ्यावर गुरेंढोरें पाणी पीत होतीं. माणसांस बंदी होती. उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल त्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडावें लागलें. त्याच्या आधींच, १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, याच येवल्यांत त्यांनीं जाहीर केलें कीं, जन्म आपल्या हातीं नव्हता, परंतु हिंदु म्हणून आपण मरणार नाहीं. आणि १९३८ च्या फेब्रुवारींत, १२ व १३ तारखांस, आमच्या मनमाडांत रेल्वेवरील दलित कामगारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखालीं भरली. तेथें त्यांनीं जें सांगितलें त्यांतली एक गोष्ट या प्रसंगास फार लागू आहे. अस्पृश्य मनुष्य रेल्वेंत रुळांवर खपूं शके, पण त्यास पोर्टराची साधी जागाही मिळत नसे. कारण स्टेशनमास्तर पोर्टराकडून घरचीं कामेंही करून घेत, आणि स्पृश्य घरांत त्याचा हात चालत नसे. ज्या जंक्शनांतून सारा देश ये-जा करीत होता, तेथली ही स्थिति.

नात बराच वेळ गप्प होती. नंतर तिनें वहीचीं पानें मागें उलटलीं आणि सकाळचें आपलेंच वाक्य वाचून दाखविलें: "यांनीं आमचें नांव विचारलें नाहीं." मग म्हणाली, "आजोबा, नांव विचारलं कीं मग जात कळायची, नाहीं का?" चिरंजिवांनीं आमच्याकडे पाहिलें, त्यांचा आक्षेप तेथें संपला. आम्हीं तिला आणखी एवढेंच सांगितलें कीं, आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं, स्नानघाट आणि रस्ते यांचा उच्चार एकाच उपकलमांत केलेला आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांमुळें त्यांचा उपयोग कोणासही नाकारतां येत नाहीं. ज्यांनीं तें लिहिलें त्यांस पाणी आणि वाट यांचें नातें चांगलें ठाऊक होतें.

दुपारचा जाळ ओसरेपर्यंत येवल्यास एका स्नेह्यांकडे विसांवा घेतला आणि पांचाच्या सुमारास कोपरगांवाकडे निघालों. जसजशी गोदावरी जवळ येत गेली, तसतसा माळाचा रंग बदलूं लागला आणि ऊंस दिसूं लागला. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांचें हें कर्तृत्व. शंभर वर्षांहून अधिक काळ हे कालवे या बाजूचीं शेतें भिजवीत आहेत. ५० किलोमीटरांच्या आंत एकीकडे फडकें बांधून जपलेलें पिंप आणि दुसरीकडे कमरेएवढा ऊंस, हा भेद मुलांनीं कोणीं न दाखवितां टिपला. पाऊस सर्वांस थोडाच. परंतु धरण कोठें बांधलें, कालवा कोठून नेला, त्याचें पाणी कोणत्या पिकास दिलें, हें माणसांनीं ठरविलें. नदीचें पात्र उन्हाळ्यामुळें अर्धेंअधिक उघडें होतें. जें पाणी होतें त्यांत मुलांनीं पाय बुडविले. वहींत शेवटचें टांचण नातवानें केलें: "गोदावरी. त्र्यंबकहून आली. आम्हीं प्यालों नाहीं, आई नको म्हणाली." सूनबाईंचें म्हणणें रास्त होतें. ज्या नदीस आपण गंगा म्हणतों तिचें पाणी मुलास पाजावयाचा धीर होऊं नये, हीही एक नोंदच आहे, आणि ती आपल्या पिढीच्या खात्यावर आहे.

आतां, अशा प्रवासास निघूं इच्छिणाऱ्यांस चार व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतों. वैशाखांत डोंगर चढावयाचा असेल तर सूर्योदयास पायथ्याशीं असावें आणि नऊच्या आंत उतरावें. दहा ते चार सावली सोडूं नये. उभ्या मोटारींत, कांचा बंद करून, लहान मुलास एक क्षणही एकटें ठेवूं नये. उन्हांत ती पेटी भट्टीप्रमाणें तापते. लिंबाचें सरबत, ताक, कैरीचें पन्हें आणि मिठाची पुडी बरोबर असावी. कोठलेंही पाणी मुलांस देण्यापूर्वीं तें कोठून आलें हें विचारावें. शंका वाटल्यास नम्रपणें नाकारावें, परंतु देणाराचा अवमान होईल असें तोंड करूं नये. आणि मुलांच्या हातांतला मोबाईल काढून घेण्याची दांडगाई करण्यापेक्षां त्यांच्या हातांत एखादें काम द्यावें. आमच्या नातवंडांनीं त्या दिवशीं तीं यंत्रें फारशीं मागितलीं नाहींत, कारण त्यांस वही भरावयाची होती.

ज्यांस मनमाडची वाट सोईची नाहीं त्यांनीं आपल्या गांवची निवडावी. कोठल्याही गांवापासून ५० किलोमीटरांच्या आंत एखादी बारव, एखादें धरण, एखादी आटलेली नदी आणि पाण्यापायीं झालेलें एखादें भांडण असतेंच. मुलांस तें सर्व दाखवावें, भांडणही दाखवावें. आणि ज्यांचें घर हमरस्त्यावर आहे त्यांनीं पुढच्या चैत्रांत दारांत एक रांजण भरून ठेवावा, त्यावर झांकण आणि ओघराळें ठेवावें, आणि पाणी द्यावयास घरांतल्या मुलांस बसवावें. येणाऱ्याचें नांव विचारावयाचें नाहीं, एवढें त्यांस आधीं सांगून ठेवावें.